गोदामाच्या फाटकाशी रांग किती?

लोणावळ्याजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक मोठे गोदाम बांधायचे आहे, असे समजा. (2002 साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गावर कुणालाही परस्पर फाटक उघडता येत नाही.) रोज 120 मालमोटारी येतील. त्या परतही जाणारच. म्हणजे 240 खेपा. त्यांचा आठवा हिस्सा सकाळच्या गर्दीच्या तासात धरला, तर 30 खेपा होतात. हमरस्त्यावर एक मालमोटार साधारण 3 मोटारींबरोबर मोजतात. तेव्हा भर पडली 90 मोटारींची.

पण खरी गोम फाटकाशी आहे. त्या तासात 15 मालमोटारी येणार आणि कागद तपासायला प्रत्येकीला 6 मिनिटे लागणार. आत जातील 10, बाहेर राहतील 5. प्रत्येकीला 12 मीटर जागा दिली, की झाली 60 मीटर रांग, तीही भर रस्त्यावर! तपासणी 4 मिनिटांवर आणली तरी रांग टळेलच असे नाही, कारण मालमोटारी घड्याळ लावून येत नाहीत. आवारातच थांबायला जागा हवी.

रस्त्यावर आधीच किती गर्दी आहे, ते 15 मिनिटे वाहने मोजून चौपट केले की कळते. लोणावळ्यात मात्र बुधवारची मोजणी पुरत नाही. भुशी धरणाकडे लोटणारा पावसाळ्यातला रविवारही मोजावा लागतो.