कमलाबाईंचे पहिले वर्ष

बंगळूर हे नाव मराठी माणसाला शहाजीराजांमुळे ओळखीचे आहे. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या या नगरीत त्यांचे वास्तव्य होते. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबईच्या कमला भागवत तेथे विद्येसाठी गेल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. बी.एस्सी.ला त्या विद्यापीठात पहिल्या आल्या होत्या. वडील आणि चुलते तेथील टाटा विज्ञान संस्थेतच शिकलेले; तेव्हा आपल्यालाही सहज प्रवेश मिळेल, असे त्यांना वाटले.

परंतु संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाचा दर्जा पटेपर्यंत त्याला मान्यता नाही. आणि त्यांच्यामुळे मुलांचे चित्त विचलित होता कामा नये! ही शेवटची अट मुलांना न घालता कमलाबाईंना घातली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्या दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांच्या अभ्यासात गढून गेल्या. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले. पुढे त्यांनी संस्थेत मुलींना प्रवेश देण्यास आरंभ केला. १९३६ मध्ये एम.एस्सी. होऊन कमलाबाई केंब्रिजला गेल्या. १९३९ मध्ये तेथे त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता.