चिठ्ठीत कोणाचं नाव निघालं?

डिसेंबर लागला की लेकरं शाळेतून एक चिठ्ठी घेऊन घरी येतात. वर्गातल्या एका सोबत्याचं नाव त्यात असतं आणि नाताळच्या सुट्टीआधी त्याला गुपचूप भेट द्यायची असते. मोठ्या शहरांतला हा ‘सिक्रेट सांता’ आता तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आलाय, आणि शाळेच्या गाडीत बसून आपल्या इंझोरी गावातल्या घरांपर्यंतही. पोरगी दप्तर टाकता टाकताच सांगते, “मम्मी, गिफ्ट घ्यायचंय.”

आपण रागावत नाही, पण मनातल्या मनात हिशेब सुरू होतो. सोयाबीनचे पैसे कधीच हरभऱ्याच्या बियाण्यात आणि खतात गेले. कापसाची वेचणी चालू आहे, तूर अजून वावरात उभी आहे. त्यात लग्नसराईचे आहेर तोंडावर. घरात दोन लेकरं असली की दोन भेटी, वर टीचरसाठी काहीतरी, शिवाय ‘मागच्या वर्षी तिनं केवढं मोठं दिलं होतं’ ही पोरीची आठवण. भेट शंभर रुपयांच्या आतच असावी असं शाळेनं कळवलं, तरी त्या शंभरात धड काय येतं ते दुकानात उभं राहिल्यावरच कळतं.

मग आपण सगळेच जे करतो ते करतो. चार दिवस विसरून जातो. आदल्या संध्याकाळी वावरातून किंवा ड्युटीवरून येता येता जनरल स्टोअर्ससमोर गाडी थांबवतो आणि समोर दिसेल तो कप, नाहीतर आठवडाभरात झाकण निघून येणारी कंपास उचलतो. दुकानदारच चकचकीत कागद लावून देतो. घरी पोचेपर्यंत लेकरू झोपलेलं असतं. सकाळी ते पुडकं त्याच्या दप्तरात जातं आणि आत काय आहे हेही त्याला धड माहीत नसतं. दिवसभर राबलेल्या माणसाला याहून जास्त काय सुचणार? पण ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली, त्या लेकराचा विचार या सगळ्यात कोणी केलेलाच नसतो.

मला वाटतं, तो विचार आपल्या लेकरावर सोपवावा. आठ-दहा वर्षांच्या पोरांना आपल्या सोबत्याचं सगळं ठाऊक असतं. चिठ्ठी आली त्याच संध्याकाळी भाजी निवडता निवडता विचारायचं: ती डब्यात काय आणते? तिला कशाचं वेड आहे? तिचं नेहमी काय हरवतं? माझी धाकटी पटकन म्हणाली, “तिचं खोडरबर रोज हरवते.” तिथंच भेट ठरली. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा, त्याची पेन्सिलींची पिशवी, तोंडाला नाडी आणि आत एक चिमुकला खिसा, फक्त खोडरबरासाठी. पिशवीची शिलाई मी मशीनवर मारली, खिसा तिनं सुई-दोऱ्यानं स्वतः लावला. टाके वाकडे आले. ते तसेच ठेवले.

हे तसंच ठेवणं आपल्याला फार जड जातं, नाही का? लेकरू झोपलं की उसवून सरळ करावं असं हमखास वाटतं. आपली माया असते त्यात, चारचौघांत त्याचं नाव व्हावं ही इच्छाही असते. पण सकाळी त्याला ते सरळ टाके दिसतात आणि आपलं केलेलं पुरेसं चांगलं नव्हतं, हे ते न बोलता समजून घेतं. वाकड्या टाक्यांनी काही बिघडत नाही. पिशवी उसवणार नाही एवढं बघितलं की झालं.

खरी धास्ती वेगळीच असते. “सगळे हसतील,” असं लेकरू म्हणतं. त्यावर आपण घाईघाईनं “हसू दे, आपल्याला काय!” म्हणतो आणि विषय संपवतो. त्याच्यासाठी तो संपलेला नसतो. वर्गात पुडकी फोडली जातील, कोणाच्या हातात रिमोटची गाडी येईल आणि आपलं घरचं निघेल, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ती भीती खोटी नाही. आपल्यालाही लग्नात आहेराचं पाकीट देताना असंच वाटतं की. म्हणून आधी ऐकून घ्यावं. “हो रे, वाटते असं,” एवढं म्हटलं तरी पोरगं जरा मोकळं होतं. आणि मग त्याला सांगावं, की आपण ही वस्तू अशी करू की कोणी हसणारच नाही.

कारण घरचं म्हणजे कसंतरी केलेलं, हा समज आपणच करून दिलाय. घरचं असलं तरी नीटच असायला हवं. कडा सरळ कापलेल्या, डिंक बाहेर न आलेला, गाठ घट्ट, वर सोबत्याचं नाव सुवाच्य अक्षरात. बांधायला चकचकीत कागद कशाला हवा? आईच्या जुन्या सुती साडीचा चौकोन किंवा धुऊन इस्त्री केलेला रुमाल घ्यावा, चारही टोकं वर आणून गाठ मारावी. जपानमध्ये भेटी अशा कापडात बांधून द्यायची जुनी रीत आहे, आणि आपल्या आजोबांची शिदोरीही अशीच बांधलेली असायची. कागद फाडून फेकतात, रुमाल वापरात राहतो.

तसं पाहिलं तर आपल्याकडे देणं-घेणं कधी दुकानातून सुरू झालंच नाही. वावरात नवं पीक आलं की शेजारी, पाहुण्यांकडे, लेकीच्या सासरी वानवळा जायचा. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. संक्रांतीला बायका वाण लुटतात, त्यात सुगडातलं बोर, हरभऱ्याचे घाटे, तीळ, उसाचा कर्वा असायचा. आता तिथंही प्लास्टिकचे डबे आले, ते जाऊ द्या.

नाताळही आपल्या मुलखाला परका नाही. वाशीमला १९३० च्या दशकात डॉ. ऑर्फा स्पायचर यांनी चर्च ऑफ द नाझरीनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, शेव, चकल्या, लाडू असा आपल्या दिवाळीसारखाच फराळ होतो आणि त्याची ताटं शेजारी फिरतात. गोव्यात या फराळाला कुस्वार म्हणतात. त्यातले कलकल करायला सगळं घर बसतं. मैद्याच्या कणकेची बारकी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या फणीवर दाबायची, तिच्यावर रेघा उमटल्या की गुंडाळी करायची, मग तळून साखरेत घोळवायची. ते लेकरांच्याच बोटांचं काम. तिथं आणखी एक रीत आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं तिथं गोडधोड करत नाहीत, म्हणून शेजारी त्या घरी ताट आवर्जून पाठवतात.

आपल्या दिवाळीलाही हे असतंच. वर्षश्राद्ध व्हायचं असलेल्या घरी कढई चढत नाही, मग भाऊबंद, शेजारी डबे नेऊन देतात. लेकरांना हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्याला वाटतं, लहान आहेत, दुःखाच्या गोष्टी कशाला. पण ‘आपल्या ओळखीत यंदा कोणाच्या घरी सण नाही?’ असं विचारून बघा. लेकरं बरोबर घर सांगतात. त्या घरातल्या पोराला ती रोज शाळेत बघत असतात. तो खेळायला येत नाही, डबा अर्धा ठेवतो, हे त्यांनी कधीच टिपलेलं असतं. काय बोलावं हे त्यांना कळत नाही, आपल्यालाही कुठं कळतं? तेव्हा हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा असला की जायला निमित्त मिळतं. शेंगदाणे भाजून सालं पाखडायची, कूट करायचं, गूळ चिरून कालवायचा. शेंगदाण्याचं तेल सुटतं, त्यातच लाडू वळले जातात. लेकरानं वळावेत, डबाही त्यानंच नेऊन द्यावा. आपण सोबत जावं आणि दोन पावलं मागं उभं राहावं.

चिठ्ठीबाहेरच्या आपल्या माणसांसाठीही असं काही करता येतं. आजीसाठी फुलवाती. आपल्या दारात कापूस येतो आणि वाती आपण पाकिटातल्या आणतो, याचं मला फार वाईट वाटतं. मूठभर कापूस घ्यायचा. सरकी काढायची, पानाची कुसपटं वेचायची, कापूस बोटांनी पिंजून हलका करायचा. रुपयाच्या नाण्याएवढा पातळ फुलका करून त्याच्या कडा वर गोळा करायच्या आणि दुधाचं बोट लावून टोक पिळायचं. पहिल्या वाती लोळतातच. थोड्या वेळानं बोटांना अंदाज येतो आणि एकेक वात ताठ उभी राहायला लागते. या कामात लेकराच्या हाताला लय लागते आणि ते आपोआप बोलायला लागतं. एरवी ‘आज शाळेत काय झालं’ला ‘काही नाही’ म्हणणारी पोरं वाती वळताना सगळं सांगतात. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात त्या वाती ओळीनं रचून दिल्या की आजी सांजवातीला रोज त्यातलीच एक काढते.

पुण्या-मुंबईकडे असलेल्या मामा-मावशीला दुकानातलं काही पाठवण्यात काय अर्थ, तिकडं सगळंच मिळतं. त्यांना तुरीचे ताजे सोले पाठवा. लेकरांना शेंगांचं टोपलं देऊन अंगणात बसवलं की तासाभरात डबा भरतो, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं दिला की सकाळी पोचतो. तिकडं सोलेभात शिजतो आणि फोन येतो. त्यांच्या गच्चीसाठी बियांच्या पुड्याही देता येतील. आजीनं राख लावून ठेवलेलं गवारीचं, वालाचं, भोपळ्याचं बी, वहीच्या कागदाची पुडी, वर लेकराच्या हातानं नाव आणि ‘मृग लागला की लावा’ एवढी सूचना. डिसेंबरात दिलेली भेट जूनमध्ये उगवते. पावसाळ्यात पहिल्या वेलाचा फोटो आला की पोरगं शाळेत सांगत सुटतं.

टीचरसाठी, शाळेच्या गाडीवरच्या काकांसाठी आवळा सुपारी. आवळे या दिवसांत स्वस्त असतात. किसायचे, मीठ, सैंधव, जिरेपूड, थोडा ओवा आणि आल्याचा रस लावून ताटात पसरायचे. आपल्याकडे हिवाळ्याचं ऊन खणखणीत असतं, तीन-चार दिवसांत सुपारी कडक वाळते. ताट उचलायची जबाबदारी लेकराची. एखाद्या दिवशी विसरतंच, दव पडतं, पुन्हा वाळवायची.

आणि सोबत दोन ओळी हव्यातच. नाताळचं पहिलं छापील कार्ड १८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढलं, तेही त्यांना सगळ्यांना पत्रं लिहायला सवड नव्हती म्हणून. सवड तेव्हाही नव्हती, आपल्यालाही नाही. पण लेकराकडे अजून थोडी आहे. ‘तू मला घसरगुंडीवरून पडलो तेव्हा उचललं होतं’ असं काही तरी ते आपल्या भाषेत लिहितं, आणि ते छापील कार्डावर मिळत नाही. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नये.

नाताळचा आदला दिवस, २४ डिसेंबर, हा साने गुरुजींचा जन्मदिवस. १८९९ साली पालगडला ते जन्मले. ‘श्यामची आई’ आपण सगळ्यांनी वाचलंय. त्यातला श्याम दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावाचा कोट फाटलाय म्हणून त्याला नवा कोट शिवून आणतो. लेकरांना सांताक्लॉज सांगतो, तशी ही गोष्टही त्या रात्री सांगावी. त्यात कोणी आभाळातून येत नाही. भावाचा कोट फाटलाय, एवढं श्यामला दिसलेलं असतं.

एवढं सगळं करायला वेळ कुठला, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. सगळं करूच नका. यातली एकच गोष्ट घ्या, एका लेकरासाठी, एका माणसासाठी. बाकीच्यांना यंदा नुसतं भेटून या. आणि एखाद्या वर्षी काहीच जमलं नाही, पेपर तपासायचे राहिले, सासूबाई दवाखान्यात असल्या, तर दुकानातून आणा आणि जिवाला लावून घेऊ नका. फक्त लेकराला सोबत न्या आणि वस्तू त्याला निवडू द्या.

एक काम मात्र आपण पालकांनी मिळून करायला हवं. एकट्याच्या लेकराच्या हातात घरची पिशवी असली की त्याला संकोच वाटतो, सगळ्यांच्याच हातात असली की कोणाला काही वाटत नाही. शाळेत पालकसभा असेल तेव्हा उठून मोकळेपणानं सांगा, की चिठ्ठ्या डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काढा आणि भेट हातानं केलेलीच असू द्या. टीचर ऐकतात, त्यांनाही हा दुकानाचा पसारा नकोच असतो. बोलायला धीर होत नसेल तर सभेच्या आधी दोघी-तिघींनी ठरवा आणि सोबत बोला.