मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१–८, प्रेषितांची कृत्ये ८:२६–३५, २ तीमथ्य १:५

एज्रा शास्त्र्याने नियमशास्त्राचा ग्रंथ लोकांपुढे उघडला, तेव्हा पुरुष, स्त्रिया व ज्यांस समजण्याची शक्ती होती ते सर्व तेथे जमले होते. लेव्यांनी ग्रंथ नुसता वाचला नाही. ऐकणाऱ्यांस उमज पडावी म्हणून त्याचा अर्थ उलगडून सांगितला. तद्वत् रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्यास फिलिप्पाने प्रथम हेच विचारले की, तो जे वाचीत आहे ते त्यास समजते काय. यावरून अक्षरे उच्चारणे निराळे व वाचणे निराळे, हे उघड होते.

आपल्या पुष्कळ घरांत पवित्र शास्त्र कोनाड्यात आदराने ठेविलेले आहे. आजोबांनी म्हातारपणी मोठ्या कष्टाने अक्षरओळख करून घेतली, ती ते वाचता यावे म्हणून. परंतु चौथीत शिकणारा नातू शाळेच्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक हाती धरीत नाही. ज्या मुलास आठव्या वर्षी लहानशी गोष्ट वाचण्यात आनंद वाटला नाही, तो अठराव्या वर्षी शास्त्राची लांब वाक्ये व कठीण नावे यांतून वाट काढील, ही आशा फारशी धरवत नाही. यास्तव मुलांची पुस्तके निवडणे हे क्षुल्लक काम नव्हे.

१. गोडी मुलाची पाहावी, आपली नव्हे. पुस्तक विकत घेणारा मोठा असतो, म्हणून तो आधी शेवटचे पान उलटून तात्पर्य काय आहे ते पाहतो. मूल तात्पर्य पाहत नाही. पुढे काय झाले ते पाहते. आपल्या प्रभूने लोकांस गोष्टींनी शिकविले, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेपटीस बोध बांधिला नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात वडील भाऊ अखेर घरात गेला की बाहेरच राहिला, हे त्याने सांगितलेच नाही. ऐकणाराने ते मनात घोळवावे म्हणून सोडून दिले. मुलांच्या गोष्टीसही एवढी मोकळीक असावी. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू केला आणि १८७३ साली मुलांकरिता निराळे मासिक काढिले, त्यास 'बालबोधमेवा' असे नाव दिले. मुलास बोध द्यावयाचा तर तो मेव्यासारखा गोड लागला पाहिजे, हे त्या नावातच आहे. विनोद, कोडी, प्राण्यांच्या गोष्टी, यंत्रांची व ताऱ्यांची माहिती, ही सर्व योग्य खाद्ये होत. हसणे पाप नव्हे.

२. पुस्तक मुलाच्या आवाक्यातले असावे. याची सोपी कसोटी अशी : पुस्तक मध्येच उघडून मुलास एक पान मोठ्याने वाचावयास सांगावे. जेथे शब्द अडेल तेथे त्याने एक बोट मिटावे. एकदोन बोटे मिटली तर पुस्तक योग्य. पान संपण्यापूर्वीच पाचही बोटे मिटली तर ते त्याने एकट्याने वाचण्याचे अद्याप नव्हे. ते आपण वाचून दाखवावे. मूल पाचवीत आहे, परंतु वाचन दुसरीचे आहे, असे आढळल्यास त्यास दुसरीचे पुस्तक द्यावे, आणि चारचौघांत तसे बोलून लाजवू नये.

३. छपाई पाहावी. नवशिक्यास ठळक टाइप, लहान वाक्ये व ओळींत मोकळी जागा पाहिजे. मराठीत जोडाक्षरे मुलास फार अडवितात. म्हणून आरंभी ती ज्यात मुळीच नाहीत किंवा थोडी आहेत अशी पुस्तके शोधावी. एकच वाक्य पुनःपुन्हा येणारी गोष्ट उत्तम, कारण तिसऱ्या वेळी मूल ते आपणहून म्हणते. चित्र मजकुराशी जुळणारे असावे, म्हणजे अडलेला शब्द चित्रावरून ओळखता येतो.

४. मुलाचे घर पुस्तकात दिसावे. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी शब्द परके वाटतात. तेव्हा घरच्या बोलीत अर्थ सांगण्यास संकोच करू नये. लेवीही अर्थ सांगतच होते. तसेच, ज्या पुस्तकात कोणाच्या जातीची, रंगाची वा धंद्याची थट्टा आहे, किंवा मुलगी केवळ भांडी घासताना व मुलगा तेवढा पराक्रम करिताना दाखविला आहे, ते खुशाल बाजूस ठेवावे. देवाने आपल्या प्रतिरूपाने घडविलेल्या मुलाने पुस्तक उघडून आपलाच अपमान वाचावा, हे आपण कसे सोसावे?

५. पुस्तके कोठून आणावी? महाराष्ट्र राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली 'किशोर' मासिक सुरू केले. ते जरा मोठ्या मुलांस उपयोगी. २०१५ साली प्रथम बुक्स या संस्थेने 'स्टोरीवीवर' नावाचे ग्रंथालय इंटरनेटवर खुले केले. त्यात मराठी चित्रगोष्टी वाचनाच्या चार पायऱ्यांप्रमाणे लाविलेल्या असून मोबाइलवर फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. मंडळीने वीसपंचवीस पुस्तकांची एक पेटी करावी. शब्बाथ शाळा सुटल्यावर ती उघडावी, प्रत्येक मुलाने आपल्या पसंतीचे एक पुस्तक घरी न्यावे व पुढल्या रविवारी परत आणावे. पान मळले तर रागावू नये. कोरे राहिलेले पुस्तक हीच खरी हानी होय.

६. वाचून दाखवावे. आईबापांस वाचता येत नसेल तर त्यांनी ऐकावे. मूल वाचील व आई ऐकेल, हीही शाळाच. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता. लक्ष्मीबाई टिळक विवाहानंतर लिहावाचावयास शिकल्या, आणि त्यांच्याच हातून 'स्मृतिचित्रे' हा मराठीतील अमोल ग्रंथ झाला. म्हणून कोणा आईने मुलाजवळ बसून अक्षरे शिकण्याची लाज धरू नये. वाचून झाल्यावर मात्र परीक्षकासारखे प्रश्न करू नयेत. "तुला यातले काय आवडले?" एवढे विचारावे व पुढे मुलास बोलू द्यावे.

उपदेशक बंधूंनी हा पाठ शिकविताना पुढील प्रश्न मंडळीपुढे ठेवावे :

(१) आपल्या गावातील किती मुलांच्या घरी शाळेच्या पुस्तकाखेरीज एक तरी पुस्तक आहे?
(२) फिलिप्प रथात त्या अधिकाऱ्याजवळ जाऊन बसला. आपण मुलाजवळ आठवड्यातून किती वेळ बसतो?
(३) पुस्तकांच्या पेटीची जबाबदारी आपल्यापैकी कोण घेईल, व ती कोणत्या रविवारी उघडेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावासह व तारखेसह लिहून ठेविल्यावाचून सभा विसर्जन करू नये. ज्या प्रभूने बालकांस आपणाजवळ येऊ दिले, तो या लहानशा पेटीसही आशीर्वाद देवो.