पादविकारांचे निदान : वेदना व सुप्ती

कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास असंख्य भाविक सोलापूर ते तुळजापूर ही सुमारे ४५ कि.मी.ची वाट पायी, पुष्कळसे अनवाणी चालतात. त्यानंतर धाराशिव जिल्ह्यातील वैद्याकडे टाचदुखी, तळपायांची आग, मुंग्या, भेगा अशा तक्रारी येतात. या सर्वांचे कारण अतिचंक्रमण मानून चिकित्सा करणे सोपे असले, तरी ते सदैव निर्धोक नसते.

व्यवच्छेदक लक्षणे
१) वातकंटक : पाऊल विषम पडल्याने वा श्रमाने घोटा-टाचेच्या ठिकाणी वेदना. सकाळच्या पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असल्यास तळपायाच्या पट्टबंधाचा शोथ विचारात घ्यावा.
२) गृध्रसी : स्फिक्, कटी, ऊरू, जानू, जंघा व पाद या क्रमाने वेदना. येथे पाय दुखतो, परंतु मूळ कटिप्रदेशी असते.
३) खंज व पंगू : कटिस्थित वायूने एक पाय दुर्बल झाल्यास खंज, दोन्ही झाल्यास पंगू. कलायखंजात चालण्यास आरंभ करताना कंप होतो.
४) पाददाह : पित्तरक्तयुक्त वायूमुळे, विशेषतः चालताना होणारा दाह.
५) पादहर्ष : कफवातामुळे मुंग्या व बधिरता.
६) पाददारी : अतिचंक्रमणाने रुक्ष झालेल्या पायांना पडणाऱ्या भेगा.

सुप्तीचे महत्त्व
चरकाचार्यांनी हातापायांची सुप्ती व दाह ही प्रमेहाची पूर्वरूपे सांगितली आहेत. म्हणून पाददाह वा पादहर्षाच्या प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासावी. कुष्ठातही स्पर्शज्ञान नष्ट होते. त्वचेवर फिकट बधिर चट्टे आहेत का, हे पाहावे. असा रुग्ण अनवाणी चालला, तर खडा रुतल्याचे वा तापलेल्या डांबराने फोड आल्याचे त्याला कळत नाही. तो वेदनेची तक्रार करीत नाही, व्रण मात्र खोलवर जातो.

वातकंटकात अग्निकर्म उपयुक्त आहे. परंतु स्पर्शपरीक्षा केल्याविना ते करू नये. १० ग्रॅमचा मोनोफिलॅमेंट तळपायास टेकवावा, पादपृष्ठावरील नाडी पाहावी, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. बधिर पायावर अग्निकर्म, तप्त स्वेद वा गरम पाण्याचा शेक वर्ज्य समजावा.

पाय एकाएकी थंड व नाडीहीन होणे, दोन्ही पायांच्या दौर्बल्यासह मूत्रावरोध होणे, बधिर पायावरील व्रणात दुर्गंध वा काळेपणा येणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

वेदना सांगणाऱ्या पायाकडे रुग्ण स्वतःच आपले लक्ष वेधतो. न दुखणारा पाय मात्र वैद्यानेच पादत्राण काढावयास लावून पाहावा लागतो.