‘बार्गिन’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ, उपयोग व पाठाची आखणी

(इयत्ता ७ वी व ८ वी. मांजरसुंबा परिसरातील शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू

महाराष्ट्रात सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे सातवी-आठवीत येणाऱ्या मुलाजवळ शब्दांचा साठा बराच असतो. परंतु एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द असतो, अशी त्याची समजूत झालेली असते. ‘बार्गिन’ हा शब्द ही समजूत दूर करण्याचे चांगले साधन आहे. ‘बार्गिन म्हणजे घासाघीस’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी ‘इट वॉज अ बार्गिन’ या साध्या वाक्यापाशी अडतो आणि ‘कलेक्टिव्ह बार्गिनिंग’ या शब्दांपाशी तर पुरताच गोंधळतो. या शब्दाचा गाभा हुज्जतीत नसून संमतीत आहे. दोन पक्ष बोलणी करतात आणि दोघांनाही मान्य अशा ठरावावर येतात. हा गाभा मनात ठसला म्हणजे पुढील सर्व अर्थ त्यातून उलगडत जातात.

उच्चार

पुष्कळ ठिकाणी ‘बारगेन’ असा उच्चार ऐकू येतो. तो सुधारून घ्यावा. जोर पहिल्या अवयवावर असून शेवटचा अवयव ऱ्हस्व आहे : ‘बार्गिन’. ‘कॅप्टन’ व ‘माउंटन’ या परिचित शब्दांच्या शेवटीही तीच तीन अक्षरे, ए, आय, एन, येतात आणि तेथेही उच्चार आखूडच होतो, हे फळ्यावर दाखवावे. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. तेथेही त्याचा संबंध भावाच्या बोलण्यांशीच होता.

तीन अर्थ

प्रथम मुलांच्या डोळ्यांसमोरील प्रसंग घ्यावा. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्यास एकत्र येतात. पावसाळा सरताना बालाघाटाच्या डोंगरातील सीताफळे रस्त्याच्या कडेला विक्रीस येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही येथे सांगावे. सकाळी विकणारी बाई टोपलीचा एक भाव सांगते, प्रवासी कमी भावाला मागतो. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सरकत अखेर एक भाव ठरतो. या एका प्रसंगातून तिन्ही अर्थ निघतात.

पहिला अर्थ, क्रियापद : भावाची बोलणी करणे. ‘द ट्रॅव्हलर बार्गिन्ड विथ द वुमन.’

दुसरा अर्थ, नाम : ठरलेला सौदा. ‘दे मेड अ बार्गिन.’ सौदा पटला, की ‘दे स्ट्रक अ बार्गिन’ असेही म्हणतात. मराठीत ‘अमुक बोलीवर दिले’ असे आपण म्हणतो, त्यातील ‘बोली’ या अर्थाच्या अगदी जवळ आहे.

तिसरा अर्थ, नाम : किमतीच्या मानाने सरस वस्तू. ‘ॲट दिस प्राइस द बास्केट इज अ बार्गिन.’ येथे बोलणी झालीच पाहिजेत असे नाही. पिकलेले सीताफळ फार दिवस टिकत नाही. म्हणून संध्याकाळी विकणारी स्वतःहून भाव उतरविते. घेणाऱ्याला माल स्वस्त मिळतो आणि विकणारीचे फळ वाया जात नाही. एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याचे नुकसानच, असे नाही, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

‘हॅगल’ या शब्दाशी तुलना करावी. ‘हॅगल’मध्ये केवळ घासाघीस आहे, ‘बार्गिन’मध्ये ठरावही आहे. गुरांच्या बाजारात हातांवर रुमाल टाकून, त्याखाली बोटांच्या खुणांनी बैलाचा भाव ठरविण्याची जुनी रीत मुलांनी थोरांकडून ऐकलेली असते. तेथे मोठ्याने हुज्जत नाही, तरी ‘बार्गिन’ आहे.

वाक्यरचनेतील दक्षता

‘किंमत बार्गिन केली’ या मराठी बोलण्यावरून मुले ‘ही बार्गिन्ड द प्राइस’ असे लिहितात. शुद्ध रचना ‘ही बार्गिन्ड ओव्हर द प्राइस’ अशी आहे. व्यक्तीपूर्वी ‘विथ’ आणि किमतीपूर्वी ‘ओव्हर’ किंवा ‘अबाउट’ येते. दोन वाक्प्रयोगही द्यावेत. ‘इन्टू द बार्गिन’ म्हणजे शिवाय, वर आणखी. ‘मोअर दॅन ही बार्गिन्ड फॉर’ म्हणजे धरून चालला होता त्याहून अधिक, आणि ते बहुधा त्रासाचेच. सर्व वाक्ये फळ्यावर रोमन लिपीत लिहून मुलांकडून दोनदा वाचून घ्यावीत.

सामूहिक सौदा

शब्दाचा गाभा संमतीत असेल, तर एक प्रश्न उरतो. एका पक्षाला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नसेल, तर त्यास ‘बार्गिन’ म्हणावे काय? बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. पावसाळ्यानंतर येथील हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर मिळते. उचल अंगावर असलेला एकटा कोयता टनाचा दर वाढवून मागू शकत नाही. तेच काम सर्वांच्या वतीने संघटना करते. यालाच ‘कलेक्टिव्ह बार्गिनिंग’ म्हणतात. मराठीत त्यास सामूहिक वाटाघाटी असा शब्द रूढ आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली या हक्काविषयी स्वतंत्र करार संमत केला. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोड कामगारांच्या संघटना व साखर कारखान्यांचा संघ यांच्या बोलण्यांतून तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पूर्वी १०० रुपये मिळत तेथे १३४ रुपये, असे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे.

येथे शिक्षकाने फार जपावे. कोणाच्या घरी किती उचल घेतली, हे वर्गात कदापि विचारू नये. आई-वडील कामावर गेल्यामुळे हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहणारी मुले त्याच वर्गात बसलेली असतात. त्यांना आपल्या घरची अडचण चारचौघांत उघडी पडल्यासारखे वाटू नये. उलट, आपल्या आई-वडिलांच्या कष्टाचा दर ठरविण्याच्या रीतीला जगभर एक नाव आहे आणि ते आपल्याला वाचता येते, एवढे त्यांना उमगावे. उद्या याच मुलांपुढे करारनाम्याचा कागद येईल. त्यावर अंगठा उठविण्यापूर्वी तो वाचण्याची व ‘ही बोली मला मान्य नाही’ असे म्हणण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

स्वाध्याय

१. ‘बार्गिन’ क्रियापद व नाम म्हणून योजून चार इंग्रजी वाक्ये लिहा.

२. चूक सुधारा : ‘माय अंकल बार्गिन्ड द प्राइस ऑफ द बुलक.’

३. सौदा, बोली, घासाघीस, इसार व वाटाघाटी या शब्दांचा प्रत्येकी एका मराठी वाक्यात उपयोग करा. यांपैकी कोणते शब्द ‘बार्गिन’च्या जवळचे, ते कारणासह सांगा.

४. दोघा-दोघांनी फळविक्रेती व प्रवासी होऊन इंग्रजीत सहा वाक्यांचा संवाद म्हणावा. शेवटचे वाक्य दोघांनी मिळून म्हणावे : ‘वुई अग्री.’