तीव्र अपंगत्व असलेले मूल, त्याचे घर आणि आपली मदत



तीव्र अपंगत्व असलेले मूल आपल्याला मिस्साला क्वचितच दिसते. चर्चच्या पायऱ्या, लोकांच्या नजरा आणि मुलाला उचलून आणण्याचे कष्ट यांपुढे आई-वडील थकून जातात. एखाद्या रविवारी त्या कुटुंबासाठी मदतीचे आवाहन होते, आपण मनापासून देतो आणि पुढच्या रविवारी दुसरे आवाहन येते. ही मदत कशी गोळा करावी, कशी द्यावी आणि किती काळ द्यावी, यावर आज धर्मग्रंथाच्या प्रकाशात विचार करू या.

१. गरज समजून घेऊ या

सेरेब्रल पाल्सीचे उदाहरण घेऊ. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. तीव्र स्वरूपात मुलाला बसता, चालता, बोलता येत नाही. काही मुलांना फिट्स येतात, घास गिळणे अवघड जाते. फिजिओथेरपी, फिट्सची औषधे, डायपर, रिक्षाभाडे हे खर्च दर महिन्याचे आहेत. विशेष खुर्ची घेतली, तर मूल वाढले की तीही बदलावी लागते.

त्यातच मुलाजवळ चोवीस तास कोणीतरी हवे, म्हणून बहुधा आईला नोकरी सोडावी लागते. म्हणजे खर्च वाढतो त्याच वेळी घरातली मिळकत घटते. पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेता येते, पंधरा वर्षांच्या मुलाला नाही. ऑपरेशनसाठी एकदाच मोठी रक्कम जमवणे आपल्याला चांगले जमते. येथे मात्र गरज वर्षानुवर्षांची आहे.

२. संत पौलाने वर्गणी कशी गोळा केली?

यरुशलेममधील गरीब श्रद्धावंतांसाठी संत पौलाने दूरदूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १६ व्या अध्यायात आणि दुसऱ्या पत्राच्या ८ व्या व ९ व्या अध्यायांत ही हकिकत वाचायला मिळते. तिच्यातून चार गोष्टी शिकता येतात.

पहिली, नियमितपणा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, असे तो सांगतो. दुसरी, ऐपत. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः गरीब असूनही त्यांनी उदारपणे दिले. देणाऱ्याजवळ जे आहे त्यावरून दान मोजले जाते, जे नाही त्यावरून नाही. तिसरी, पूर्तता. करिंथकरांनी वर्षापूर्वी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली होती. आता ते काम तडीस न्या, असे पौलाला त्यांना लिहावे लागले. आपल्यालाही हे लागू पडते. चौथी, चोख हिशेब. पैशांबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने तीताबरोबर मंडळ्यांचा विश्वास असलेले बंधू पाठवले.

३. आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

समजा, ६० कुटुंबांनी महिन्याला १०० रुपये द्यायचे ठरवले. महिन्याचे ६,००० रुपये होतात, वर्षाचे ७२,०००, आणि पाच वर्षांचे ३,६०,०००. रकमेइतकेच महत्त्व आणखी एका गोष्टीला आहे. पुढच्या महिन्याची औषधे येणार आहेत हे त्या आईला आज ठाऊक असते आणि तिला दर वेळी हात पसरावा लागत नाही.

पैसे कोणा एकाच्या खिशात राहू नयेत. जमा आणि खर्च दोघा-तिघांनी मिळून पाहावा आणि देणाऱ्यांना वेळोवेळी हिशेब द्यावा. श्रद्धावंतांनी ज्या हेतूने दान दिले त्याच हेतूसाठी ते वापरले पाहिजे, असे १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचे कलम १२६७ सांगते. त्या मुलासाठी आलेला पैसा, कारण कितीही चांगले असले तरी, चर्चच्या रंगकामाकडे वळवता येत नाही.

४. घेणाऱ्याचा मान राखू या

पॅरिसमध्ये १८३३ साली वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानम यांनी मित्रांसह जे कार्य सुरू केले, तीच आजची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली ओझानम यांना धन्य म्हणून घोषित केले. गरजूंना त्यांच्या घरी जाऊन भेटणे हा सोसायटीच्या कामाचा पाया आहे. सभेत थैली फिरते आणि कोणी किती टाकले ते कोणाला कळत नाही.

मुलाचा फोटो लावल्याने वर्गणी वाढेलही, पण ते मूल आपली संमती सांगू शकत नाही. आई-वडिलांना आधी विचारावे आणि त्यांनी नको म्हटले तर तेथेच थांबावे. आपण शंभर रुपये दिले म्हणून त्यांनी नवा मोबाईल का घेतला किंवा भावाच्या लग्नाला नवे कपडे का शिवले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

५. पैशांपलीकडची मदत

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. पण दाखला, ओळखपत्र आणि अर्ज यांसाठी फेऱ्या माराव्या लागतात आणि मुलाला सोडून आई जाणार कशी? आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, सरकारी कचेरीत काम केलेले आहेत. त्यांच्या दोन सकाळी त्या घराला मोठ्या देणगीइतक्याच मोलाच्या ठरतील.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उघडून येशूपुढे उतरवतात. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला. खाटेला चार कोपरे होते आणि चौघांनीही हात लावला. एकट्या आईने ती खाट किती वर्षे उचलावी?

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत असे मूल कोणाच्या घरी आहे? आपण त्या घरी शेवटचे केव्हा गेलो?
२. महिन्याला किती रक्कम आपण पाच वर्षे न चुकता देऊ शकतो?
३. पुढच्या रविवारी ते मूल मिस्साला यावे म्हणून पायऱ्यांजवळ कोण उभे राहील?