शस्त्रक्रियेनंतर सशाचे पचन : लंघन नव्हे, चारा

घरातील माणूस आजारातून उठला, की त्याला स्वस्थ निजू द्यावे, पोटाला विश्रांती द्यावी आणि भूक लागली म्हणजे थोडी पेज द्यावी, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. लंघनाला आपण औषध मानतो, आणि माणसाच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. परंतु हीच मायेची रीत शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या सशाला लावली, तर ती त्याच्या जिवावर बेतू शकते. टाके उत्तम पडलेले असतात, जखम स्वच्छ असते, आणि तरीही एक-दोन दिवसांत ससा दगावतो. अशा वेळी मृत्यूचे कारण पुष्कळदा जखम नसून, आतडी थांबणे हे असते. हे संकट बहुधा टाळता येण्याजोगे आहे. ते कसे टाळावे, याची माहिती सशांची हौस असणाऱ्या कुटुंबांना आणि शाळेत ससे पाळणाऱ्या शिक्षकांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सशावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग तसे बरेच येतात. नराचे अथवा मादीचे निर्बीजीकरण, दातांचे विकार, जबड्याखालील गळू, मूत्राशयातील खडा ही त्यांतील नेहमीची कारणे होत. मादीचे वय वाढत जाते, तसा तिला गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा संभव बराच वाढतो; म्हणून तिचे निर्बीजीकरण हे केवळ पिलांची संख्या आवरण्यासाठी नसून तिच्या आरोग्यासाठीही असते. यास्तव शस्त्रक्रियेला भिऊन ती टाळणे हा उपाय नव्हे. तिच्यानंतरची शुश्रूषा नीट समजून घेणे हाच खरा उपाय होय.

सशाच्या पोटाची रचना

आपल्या घरी असतो तो पाळीव ससा मूळचा युरोपातील, आयबेरियन द्वीपकल्पातील रानसशाचा वंशज आहे. आपल्या माळरानावर दिसणारा ससा निराळ्या जातीचा असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. तो पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे. पाळीव ससा शतकानुशतके माणसाजवळ राहिला, तरी त्याचे पोट मात्र रानातलेच राहिले. दिवसरात्र थोडे थोडे गवत चघळीत राहावे, अशाच बेताने ते घडलेले आहे.

गाय-म्हैस गवताचे पचन पुढच्या पोटात करते व रवंथ करते. ससा रवंथ करीत नाही. त्याच्या पचनाचा कारखाना मागच्या बाजूस, उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत असतो. लहान आतड्यातून पुढे आलेल्या अन्नाची मोठ्या आतड्याच्या आरंभी निवड होते. जाड, चिवट तंतू पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कोरड्या, वाटोळ्या लेंड्या होतात. बारीक अंश मागे उंडुकात जातात. तेथे कोट्यवधी उपकारक जंतू त्यांवर काम करतात, आणि त्यांपासून मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या तयार होतात. त्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. पाहणाऱ्यास हे किळसवाणे वाटेल. परंतु त्यांतूनच त्याला प्रथिने व ब-जीवनसत्त्वे मिळतात. ती त्याची रवंथच म्हणावयाची.

या सर्व व्यवस्थेला गती देतो तो जाड तंतू. तो स्वतः फारसा पचत नाही, पण त्याच्यामुळे आतडे हलते राहते. चारा आत गेला नाही, की ही गती मंदावू लागते.

आतडी का थांबतात

ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. वेदना, परका वास, कुत्र्याचे भुंकणे, दवाखान्यातील गडबड यांपैकी कशानेही तो घाबरतो, आणि भीतीत शरीर आतड्यांचे काम आखडते घेते. त्यात भुलीच्या औषधांचा परिणाम मिळतो. आतडी मंद झाली, की आतील अन्नातले पाणी शोषले जाऊन ते घट्ट होते. उंडुकातील जंतूंचा समतोल ढळतो व वायू साठतो. पोट ताणल्यामुळे वेदना वाढते, वेदनेमुळे ससा आणखी खात नाही, आणि न खाल्ल्यामुळे आतडी आणखी थांबतात. हे चक्र तोडले नाही, तर अंगातील चरबी यकृतात साठू लागून यकृतही निकामी होते.

पूर्वी अशा सशाच्या पोटात केसांचा गोळा सापडे आणि त्या गोळ्यानेच वाट अडली, असे मानले जाई. आज असे समजते, की केस तर निरोगी सशाच्या पोटातही असतात. पोटाची गती मंदावते, पाणी कमी पडते, तेव्हाच त्यांचा गोळा होतो. म्हणजे गोळा हे बहुतेक वेळा कारण नसून परिणाम असतो. म्हणूनच अननसाचा किंवा पपईचा रस पाजून केस विरघळविण्याच्या उपायात अर्थ नाही. उलट त्यातील साखरेने अपाय होण्याचाच संभव.

शस्त्रक्रियेपूर्वी

माणसाला भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात, कारण भुलीत ओकारी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. ससा ओकू शकत नाही. त्यामुळे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याचे प्रयोजन नाही, आणि तसे ठेवल्यास हानीच होते. तोंडात घास राहू नये म्हणून डॉक्टर थोडा वेळ चारा काढून घेण्यास सांगतील, तेवढेच पाळावे. दवाखान्यात जाताना त्याच्या रोजच्या गवताची पेंडी, नेहमीचे पाण्याचे भांडे आणि अंथरुणातील एखादे फडके बरोबर न्यावे. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. आदल्या आठवड्यात त्याचे वजन करून ते लिहून ठेवावे.

आपल्या भागातील बहुतेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम मुख्यतः गुराढोरांचे असते. म्हणून डॉक्टरांना सशांवरील शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का, वेदनाशामक औषध घरी किती दिवस द्यावयाचे आणि रात्री अडचण आल्यास कोणाकडे जावयाचे, हे तीन प्रश्न अगोदरच विचारून ठेवावेत. त्यात संकोच बाळगू नये.

घरी आल्यावर पहिले काही तास

सशाला शांत, मंद उजेडाच्या, सपाट जागी ठेवावे. खाली लाकडाचा भुसा न घालता जुने सुती कापड किंवा वर्तमानपत्र घालावे. भुसा जखमेला चिकटतो. भुलीनंतर अंग गार पडते. कान थंड लागल्यास फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी, मात्र त्याला तिच्यापासून दूर सरकता येईल इतकी मोकळी जागा असावी. अंगात ऊब आली की बाटली काढावी, कारण ससा उष्माही सहन करू शकत नाही.

तो पूर्ण सावध होऊन बसता झाला, की लगेच समोर चारा ठेवावा. "आता झोपू दे, सकाळी पाहू" असे म्हणू नये. वाळलेले गवत भरपूर असावे. त्याशिवाय त्याच्या ओळखीची कोथिंबीर, पुदिना, गाजराचा पाला किंवा स्वच्छ जागेवरील ताजी हरळी थोडी थोडी नाकाजवळ धरावी. पाणी उथळ भांड्यात ठेवावे. दुखणाऱ्या सशाला नळीच्या बाटलीपेक्षा भांड्यातून पिणे सोपे जाते. त्याचा जिवलग जोडीदार असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने त्याला जवळ ठेवावे. जोडीदार खाऊ लागला, की पुष्कळदा रुग्णही तोंड हलवू लागतो.

भरविण्याची रीत

त्या संध्याकाळपर्यंत सशाने आपण होऊन काही खाल्ले नाही, तर डॉक्टरांना कळवून त्याला भरविण्यास आरंभ करावा. याकरिता आजारी सशांसाठी तयार मिळणारे तंतुयुक्त चूर्ण उत्तम. ते न मिळाल्यास सशाचे नेहमीचे गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, बारीक वाटून पातळ लापशी करावी. तांदळाची पेज, दूध, बिस्कीट किंवा पाव यांपैकी काहीही देऊ नये. या पदार्थांत पिष्ट व साखर असते, तंतू नसतो. उंडुकातील अपायकारक जंतूंना मात्र ते मानवतात.

सशाला पंचात सैल गुंडाळून त्याच्या नैसर्गिक बैठकीतच ठेवावे. उताणे कधीही करू नये. सुई काढलेल्या पिचकारीचे टोक पुढच्या दातांमागील मोकळ्या जागेत बाजूने सरकवावे आणि एका वेळी सुमारे अर्धा ते एक मिलिलिटर लापशी सोडावी. त्याने चावून गिळल्याचे दिसले, की मगच पुढची. सर्वसाधारण प्रमाण दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे ५० मिलिलिटर असे आहे. म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसभरात १०० मिलिलिटर, चार-पाच वेळांत वाटून. नेमके प्रमाण डॉक्टर ठरवतील. ससा नीट शुद्धीवर नसेल, गिळत नसेल किंवा पोट नगाऱ्यासारखे ताणलेले असेल, तर मात्र काहीही न भरविता थेट दवाखाना गाठावा. आतड्यात खरोखरच अडथळा असल्यास भरविण्याने अनर्थ होतो.

औषधांविषयी

वेदना शमल्यावाचून भूक लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक ठरलेल्या वेळी, ठरलेले दिवस द्यावे. ससा बरा दिसतो म्हणून मध्येच बंद करू नये. आतड्यांना गती देणारी औषधे अडथळा नसल्याची खात्री करूनच देतात, सबब ती आपल्या मनाने आणू नयेत.

घरातील उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या तर सशाला कधीच देऊ नयेत. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडाने दिल्यास उंडुकातील उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा प्राणास मुकू शकतो. माणसाला जे औषध तारते, तेच सशाला मारू शकते, एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालावयाची कडी डॉक्टरांनी सांगितली, तरच वापरावी. तिच्यामुळे सशाला मऊ लेंड्या खाता येत नाहीत व चारा खाण्यासही अडचण होते. ती घालावीच लागली, तर खाण्याच्या वेळी आपल्या देखत काढता येईल का, हे विचारून घ्यावे.

धोक्याची लक्षणे

ससा ओरडत नाही, आपले दुखणे लपवितो. म्हणून पाहणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकर वाजविणे, पोट जमिनीला दाबणे, कान व पाय गार पडणे ही वेदनेची लक्षणे होत. बारा तासांत चाऱ्याला तोंड लावले नाही, अथवा लेंड्या पडल्या नाहीत, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पोट एकाएकी फुगले किंवा ससा लुळा पडला, तर बारा तासही थांबू नये.

पुढील पंधरवडा

पहिल्या लेंड्या लहान, कोरड्या व थोड्याच असतात. त्याने घाबरू नये. चारा वाढेल तशा त्या मोठ्या, वाटोळ्या व सारख्या आकाराच्या होतात. या काळात नवा पदार्थ देऊ नये. गवत हेच मुख्य अन्न राहावे, आणि ते स्वच्छ असावे. पावसाळ्यात दमटपणामुळे बुरशी धरलेले, ढीग करून तापलेले, किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचे गवत वापरू नये. भाताचा पेंढा अंथरुणास चांगला, पण त्यात पोषण फारसे नसल्याने एकट्या पेंढ्यावर सशाला ठेवू नये.

शाळेत ससा असल्यास शिक्षकांनी एका वहीत वेळ, चारा, पाणी, लेंड्या, औषध आणि वजन असे रकाने आखून मुलांकडून रोज नोंद करून घ्यावी. रात्रीची व सुट्टीच्या दिवसाची जबाबदारी मात्र नावानिशी एका मोठ्या माणसाकडे सोपवावी, कारण शाळा सायंकाळी बंद होते आणि सशाची आतडी बहुधा त्याच रात्री थांबतात. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर नेली, तर "कालपासून खात नाही वाटते" अशा मोघम सांगण्यापेक्षा डॉक्टरांना तिचा अधिक उपयोग होईल. मुक्या प्राण्याचे दुखणे त्याच्या खाण्यावरून व लेंड्यांवरून वाचावयाचे असते, हा धडाही मुलांना त्यातून मिळेल.

शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, आणि ती तास-दीड तासात आटोपते. पुढचे दोन-तीन दिवस ससा घरच्या माणसांच्या हाती असतो. त्या दिवसांत वेळेवर औषध, समोर सतत गवत आणि पिंजऱ्यातील लेंड्यांवर नजर, एवढे तरी प्रत्येक घरी होण्यासारखे आहे.